घर मागून बघणारे पाव्हणे

२०१८ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वयात मला असा माणूस भेटला की ज्याला स्वतःचा धंदा झाला की ताप यायचा. धंदा घरं विकून देण्याचा. घर विकलं गेलं नाही की बाकीच्या दलालांचं तोंड उतरतं. ह्यांचं सगळं उलट. गिऱ्हाईक घर न घेता माघारी फिरलं की हे पोरासारखे खुशीत येऊन मोपेडला किक मारायचे, आणि चुकून एखाद्यानं सही केलीच तर दोन दिवस वाकळ पांघरून पडायचे. 'त्याला काई खोड निघाली तर?' एवढंच वाकळंतून ऐकू यायचं. त्यांच्या बायकोनं मला स्वतः सांगितलं आहे, 'भाऊजी, खरेदीखताचा दिवस ठरला की मी आदीच काढा उकळायला ठेवते.' सारं लातूर पालथं घातलं तरी असा दुसरा एजंट निघायचा नाही, आणि निघालाच तर त्याच्या घरी चूल पेटायची नाही.

हे माझ्या साडूचे धाकटे भाऊ. नात्यानं पाव्हणे, म्हणून मी त्यांना पाव्हणं म्हणायचो आणि तेही मला पाव्हणंच म्हणायचे. आम्ही दोघं रस्त्यात बोलत उभे राहिलो की तिसऱ्याला कळायचं नाही, कोण कुणाकडं आलंय. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते त्या नावातही काहीतरी काढतील. मी स्वतः चाकूर तालुक्यातला, मातीतला माणूस. शाळा दुसरीपर्यंत, पुढं गुरुजींनी मला सोडलं आणि मी गुरुजींना. लेक म्हणाली, 'बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते.' म्हणलं, माझं मी लिहितो. अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

त्या साली आमच्या रानातून मोठा रस्ता गेला. रान गेलं आणि त्याच्या बदल्यात मोबदला आला. गावात पैसे आले की शहाणपण सांगणारे कुठून कुठून उगवतात, पण आमच्या घरात ऐकण्यासारखं माणूस एकच, ते म्हणजे आमची मंडळी. तिचे गुडघे गेले होते. गावातलं घर उंचावर, दवाखाना लातूरला, लेक लातूरला. ती म्हणाली, 'लातुरात घर बघा. जमिनीलगतचं बघा, पायऱ्या नकोत. अन् एक ध्यानात ठिवा, मी एकदाच हलनार. लगीन होऊन आले तवापासून ह्या घरात हाव. आता एकदा हलवलं की पुन्हा हलवू नका.' एवढंच बोलली आणि भाकरी थापायला लागली. घर चुकलं तर रान पुन्हा येणार नव्हतं, आणि ती पुन्हा हलणार नव्हती.

लेकीनं काकांचं, म्हणजे ह्या पाव्हण्यांचं नाव काढलं. मी साफ सांगितलं, नव्या घराला दलाल कशाला? जुना बैल घेताना दलाल लागतो, हे मला मान्य आहे. तो कुणाच्या औताला चालला, कुणाला शिंग मारलं, कुठं फतकल मारून बसला, हे सगळं झाकलेलं असतं. नवं घर म्हणजे डोळ्यांदेखत जन्मलेलं वासरू. त्याला मागचा जन्म नाही. बांधणारा समोर उभा, घेणारा समोर उभा, मग मधी हा तिसरा कशाला? माझं हे बोलणं पाव्हण्यांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मोपेड घेऊन, मी उतरलो होतो त्या लेकीच्या दारात हजर. चप्पल काढता काढताच म्हणाले, 'पाव्हणं, वासरू घेताना गाय बघता का न्हाई?'

'बघतो की.'

'मग ज्यानं बांधलंय त्याची आदीची घरं बघितलाव का?'

मी म्हणलं, 'आदी आत तरी या.' आत आले, आणि पुढचे कैक दिवस त्यांनी मला बाहेर बसू दिलं नाही.

त्यांचे वडील देवणीच्या बाजारात बैलांचे दलाल होते, आणि मुलानं बैलाच्या जागी घर धरलं एवढाच काय तो फरक. बाकी सगळी रीत तीच. कुठलंही घर दाखवायला नेलं की ते गिऱ्हाइकाला पुढच्या दारानं कधीच आत नेत नसत. आधी घराच्या मागं. सांडपाणी कुठं जातं, भिंतीला ओल कुठवर चढली, बांधताना उरलेलं काय कुठं गाडलंय, हे सगळं वाकून बघायचं. 'फुडून सगळीच देखनी असतेत,' म्हणायचे. मग भिंतीवर हात ठेवून थाप मारायची आणि कान लावून ऐकायचं. मग एकेक दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं, जणू जबडा उघडून दात मोजतायत. एखादं दार कुरकुरलं की लगेच, 'हे घर लंगडतंय.' पांढऱ्या घराला पुढून काळी फरशी लावलेली दिसली की ते त्याला वानेरं म्हणायचे, कारण देवणी जातीत काळ्या तोंडाच्या पांढऱ्या जनावराला तेच म्हणतात. एका बँकेतल्या साहेबाला ते बायकापोरांसमोर म्हणाले, 'साहेब, तुमच्या तब्येतीला हे वानेरं जमायचं न्हाई.' साहेब आठ दिवस स्वतःची तब्येत तपासून घेत होते म्हणे.

बिल्डरच्या ऑफिसात ते खुर्चीवर बसत नसत आणि तिथला चहा घेत नसत. 'खुर्चीवर बसलं की मानूस हो हो करतंय, अन् त्यांचा चहा पिला की भाव बोलताना जीब मऊ पडते.' मग चहा कुठं प्यायचे, तर गवंड्यांच्या चुलीवर. साईटच्या मागं तीन विटांवर काळा चहा उकळत असायचा, तिथं हे मांडी घालून बसायचे, गवंड्याच्या गावाची, सासुरवाडीची चौकशी करायचे, आणि उठताना त्यांना कळलेलं असायचं की सिमेंट कुठं जास्त पडलं, कुठं कमी. पाण्याचं मात्र ते गवंड्यालाही विचारत नसत. पाण्याचं विचारायचं शेजारणीला. लातुरात घर घेणारा आधी पाणी बघतो, आणि विकणारा प्रत्येक जण सांगतो की बोअरला बारमाही पाणी आहे. पाव्हणे शेजारच्या गल्लीत जाऊन अनोळखी ओट्यावर बसायचे आणि एकच विचारायचे, 'अक्का, तुमच्याकडं टँकर कोनत्या महिन्यापासून चालू होतो?' टँकर येतो का, असं नाही विचारायचं. एकदा अशाच एका गल्लीत बायकांना वाटलं, हा पालिकेचाच माणूस. रिकाम्या घागरी आणून त्यांच्यापुढं मांडल्या, गराडा घातला, शिव्याही दिल्या, आणि शेवटी दमले असतील म्हणून जेवूही घातलं. ज्यांना घर दाखवायला आणलं होतं ते गुरुजी आणि त्यांची बायको तोवर उन्हात उभे. पाव्हणे तोंड पुसत आले आणि म्हणाले, 'चला गुरुजी, हितं होळीच्या आदीच टँकर येतोय. अन् आमटी मात्र लई फर्मास होती.'

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं नाही, हेही सांगून ठेवतो. बार्शी रस्त्याला एक चांगलं घर त्यांनी एका वकिलाला घेऊ नका म्हणून सांगितलं, का, तर आत गेल्यावर तिथलं मांजर त्यांच्याकडं बघून बाहेर निघून गेलं. वकील शहाणा, त्यानं घेतलं. आज मजेत राहतोय, वर दुसरा मजलाही चढवला. पण पाव्हणे त्या घरावरून जाताना अजून मोपेड हळू करायचे आणि म्हणायचे, 'बघा तुमी, कळंल एक दिवस.' त्यांना कळायचं काही राहिलं असेल असं मात्र कधी वाटायचं नाही. हट्टी माणूस. मला हट्टी माणसं आवडत नाहीत.

लातूर सोडायचं नव्हतं, तरी एकदा त्यांनी मला नांदेडला नेलं. म्हणाले, 'गोदावरीच्या अंगाला एक साईट हाय, पान्याचा घोर न्हाई, बघून तर घ्या.' बिल्डर तरणा पोरगा, पुण्याला शिकून आलेला. भाव ठरवायची गोष्ट निघाल्याबरोबर पाव्हण्यांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात दलाल असेच भाव करतात. कापडाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतालच्या बघ्यांना कळत नाही. ते पोरगं ताठ झालं.

'काका, हात का धरलाय माझा?'

'भाव सांगायलो.'

'मग तोंडानं सांगा ना!'

'तोंडानं सांगितला तर ह्या बसलेल्यांना कळंल.'

'अहो, ते माझे वडील आहेत!'

तेवढ्यात वडीलच कोपऱ्यातून उठले. धोतर सावरत आले, मुलाला बाजूला केलं आणि स्वतःचा हात टॉवेलाखाली घातला. मग ते दोघं म्हातारे कितीतरी वेळ एक अक्षर न बोलता बसले. एक मान हलवी, दुसरा डोळे मिटी, मधेच हात झटकून ओढी, पुन्हा घाली. पोरगं आणि मी बघत उभे. शेवटी दोघं एकदम हसले आणि वडील मुलाला म्हणाले, 'चहा सांग रे. कैक वर्षांनी कुणी नीट भाव केला.' एवढा भाव ठरला, आणि मग पाव्हणे त्या दिवशी राहून गेलेली मागची बाजू बघायला उठले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच शेजारच्या संडासाची टाकी. 'न्हाई जमायचं,' म्हणाले. चहा घेतलाच नाही. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. भाव फुकट गेला म्हणून नव्हे, माणूस निघाला म्हणून उतरला होता.

असं करता करता उन्हाळा लागला आणि माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात कुणाच्या मागं फिरलेला माणूस नाही; माझ्या दारात लोक येतात. आणि इथं मी एका माणसाच्या मोपेडवर मागं बसून गावभर दारं उघडतोय, लावतोय. एका सकाळी, दवाखान्यासाठी लेकीकडं आलेल्या मंडळीला रिक्षात घातलं आणि त्यांना न सांगता शहराबाहेरच्या एका नव्या साईटवर गेलो. रो-हाऊसांची ओळ, सगळी एका रंगाची, पुढं छोटं अंगण. गेटवर पहिलाच सवाल, 'बाबा, कुणामार्फत आलात?'

'मार्फत कसली? माझ्या पायानं आलो,' मी म्हणलं.

हे एक वाक्य पाव्हण्यांना किती महागात पडणार, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी तेच बोललो असतो. ह्या धंद्यातली रीत अशी की पहिल्या पावलाला जो सोबत असेल त्याचाच दलालीवर हक्क. पहिल्यांदा एकटं गेलात की पुढं दलाल आणला तरी बिल्डर त्याला ओळखत नाही. बिल्डर स्वतः आला, माझ्या पाया पडला, मंडळीला खुर्ची दिली. तिच्या मनात घर एकदम भरलं. एकही पायरी नाही, नळ ओट्याला, आणि मागच्या खोलीत वाकळांची पेटी कुठं ठेवायची हेही तिनं ठरवून टाकलं. मी भाव बोललो. तो एका बोलात उतरला. मला इतकं बरं वाटलं की मी बंडीच्या खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. ते लोक त्याला बुकिंग म्हणतात. आमच्यात त्याला विसार म्हणतात, आणि विसार दिला की सौदा झाला. नोटांसोबत जबान गेली. त्यावर मी म्हणलं, 'आमच्याकडं विसार माघारी फिरत नसतो बरं का.' बिल्डर म्हणाला, 'बाबा, अशी माणसं राहिली नाहीत.' मी म्हणलं, 'राहिलीत.'

संध्याकाळी पाव्हणे आले. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण स्वतःचं गेलं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, 'मागून बघितलाव?'

'बघायला काय आहे त्यात? नवं कोरं आहे.'

'अन् गाय?'

गाय, म्हणजे त्याच बिल्डरनं आधी बांधलेली वस्ती, आम्ही दुसऱ्या दिवशी बघितली. मंडळीही हट्टानं आली. बाहेरून छान, कुंड्या बिंड्या ठेवलेल्या. एका बाईनं ओळख ना पाळख, आत बोलावून पाणी दिलं. पाव्हणे पाणी पिता पिता भिंतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, 'ताई, घरात मानसं किती?'

'चौघं.'

'अन् कॅलेंडरं?'

मग मीही बघितलं. हॉलात तीन कॅलेंडरं, एक तर मागच्या सालचं, एक खिळा सोडून भलत्याच उंचीवर. बाई आधी हसली. तिनंच उठून एक कॅलेंडर बाजूला सारलं. मागं कोपऱ्यापासून तिरपी भेग, माझं बोट आत जाईल एवढी. म्हणाली, 'पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. दरसाल पुट्टी भरते, दरसाल पडते. पाव्हणे यायचे असले की कॅलेंडर लावते. शेजारी तर देवांचे फोटो लावलेत, एवढे देव आमच्यात कुणाकडंच नाहीत.'

पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. हे ऐकल्यावर मला दुसऱ्या कुणी काही सांगायची गरज नव्हती. काळ्या मातीत माझी हयात गेली आहे. पाणी पिली की ती फुगते आणि ऊन लागलं की फाटते. आमच्या रानात मे महिन्यात कोंबडीचं पिल्लू भेगेत गेलं तर हात घालून काढावं लागतं. घराचा पाया ह्या काळीतून खाली मुरमापर्यंत नेला तर घर उभं राहतं. काळीतच ठेवला तर ते घर आयुष्यभर श्वास घेत राहतं. मी तिथून थेट आमच्या विसाराच्या घरामागं गेलो. साईटवरच्या मजुराकडून कुदळ घेतली आणि भिंतीच्या कडेला खणायला लागलो. राखणदार धावत आला. पाव्हण्यांनी त्याला बाजूला घेऊन बसवलं, त्याचं गाव विचारलं, ते निघालं बिलोलीकडचं, आणि बिलोलीकडच्या तुरीवर ते त्याच्याशी असं काही बोलत राहिले की मी मांडीइतका खड्डा खणेपर्यंत तो माणूस हलला नाही. मांडीइतक्या खड्ड्यात पाया संपला, आणि पायाखाली काळी. अजून हातभर खाली गेलो, तरी काळीच. मुरमाचा खडाही नाही.

मी कुदळ टाकली आणि मातीच्या ढिगावर बसलो. मंडळी भिंतीला हात धरून उभी होती. पाव्हणे म्हणाले, 'झालं. विसार माघारी घ्या.'

'विसार माघारी घेत नसतेत,' मी म्हणलं. 'जबान दिली.'

'अहो, पाया न्हाई त्याला!'

'मला जबान हाय.'

मग मंडळी खड्ड्याकडं बघत म्हणाली, 'जबान तुमची, अन् भिंत माझ्या डोस्क्यावर.' आणि लंगडत रिक्षाकडं गेली. ती आयुष्यात माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण मी शब्द मोडणारा माणूस नव्हतो आणि त्या ढिगावर बसून वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते शिकायचं मला जमणारही नव्हतं. मी बसून राहिलो.

पाव्हण्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चप्पल झटकून म्हणाले, 'पाव्हणं, तुमी ऑफिसात येऊ नका. आत आलाव तर तुमाला बोलावं लागंल. बाहीर कट्ट्यावर बसा अन् काईबी ऐकू आलं तरी उठू नका.'

मी कट्ट्यावर बसलो. खिडकी उघडी होती. आत तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. पाव्हणे नेहमीप्रमाणं खाली फरशीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, 'साहेब, म्हातारा लई हेकट हाय. घर घेतोच म्हनायलाय. त्याचं काई ऐकू नका. मीच त्याला घेऊ देईना.'

'तुमचा काय संबंध?' बिल्डर म्हणाला. 'ते डायरेक्ट आलेत. तुम्हाला त्यातलं काही मिळायचं नाही.'

'मला काई नकोच हाय. विसार तेवढा द्या.'

'विसार परत मिळत नाही. बाबा स्वतः म्हणालेत.'

'बरं,' पाव्हणे म्हणाले आणि बसल्या बसल्या वळले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारलं, 'तुमी कोन गावचे? औसा? बरं बरं. पाया बघितलाव का?' मग पुढच्याला. 'तुमी, ताई? पाया बघितलाव? मागं खड्डा हाय, जाऊन बघा, आत्ताच खनलाय, पाव्हण्यांनी लई नीट खनलाय.' खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. बिल्डर उभा राहून ओरडला, पाव्हणे बसूनच राहिले. त्यांना उचलावं तर गिऱ्हाइकांसमोर म्हाताऱ्या माणसाला उचलायचं कसं? शेवटी टेबलाचा खण उघडल्याचं मी ऐकलं, आणि त्यानंतर बिल्डरचा आवाज खाली आला, जो वरच्या आवाजापेक्षा वाईट होता. 'काका, ह्यापुढं माझ्या एकाही साईटवर पाय ठेवायचा नाही. आणि बाकीच्यांना मी सांगतो तुमचं काय करायचं ते.'

'सांगा की,' पाव्हणे म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी नोटा माझ्या हातात दिल्या. 'तुमची जबान शाबूत हाय. तुमी घेतोच म्हनला, हे चार मानसांम्होरं सांगितलंय. मोडली ती मी.'

शब्द मी मोडला नाही, हे मी आजही कुणालाही सांगतो. आणि नव्या घराला दलाल कशाला हे मला कुणी विचारलं तर त्या कट्ट्यावर बसल्या बसल्या जे ऐकलं ते सांगतो. समोरासमोर उभ्या दोन माणसांना जे तोंडानं बोलता येत नाही ते बोलायला कुणीतरी लागतं.

आता मी जिथं राहतो ते घर पुढं त्यांनीच बघून दिलं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, कारण त्यात काही निघालं नाही, आणि त्यामुळं त्यांना चार दिवस ताप होता. मंडळीनं वाकळांची पेटी ठेवली ती ठेवली, एकदाच हलली. पाव्हण्यांना मात्र पुढं गिऱ्हाइकं कमी होत गेली. लोक मोबाईलवर घरं बघायला लागले, पुढूनच. दोन वर्षांमागं ते नांदेडला लेकीकडं गेले, पाचव्या मजल्यावर. तिथं घराला मागची बाजूच नाही. फोन करतात तेव्हा म्हणतात, 'पाव्हणं, हितून काई दिसत न्हाई, निसतं आभाळ दिसतंय. आभाळाला काय थाप मारायची?' मी म्हणतो, लातूरला या. ते म्हणतात, येतो. दोघांनाही माहीत असतं.

पण मला ते आठवतात ते विसार माघारी आणला त्या दिवशीचे. संध्याकाळी ते लेकीच्या घरी आले, बशीत ओतून दोन कप चहा प्याले, मंडळीच्या गुडघ्याची चौकशी केली. जाताना चपलेत पाय घालत, माझ्याकडं न बघता म्हणाले, 'पाव्हणं, आता माझ्यासंगट फिरू नका. मला बघितलं की गेट लावतेत. दुपारपासून दोघांनी लावलं. तुमचं तुमी बघा, लेकीला घेऊन जावा.' त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी 'बरं' म्हणलो. मोपेड लवकर चालू होईना, ती होईपर्यंत ते दारात किक मारत राहिले आणि मी ओट्यावर उभा राहून बघत राहिलो. मंडळी आतून म्हणाली, 'त्यांच्या पोटावर पाय आला, अन् तुमी बरं म्हनून बसलाव.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि मंडळीला रिक्षात घालून पाव्हण्यांच्या दारात गेलो. दोन खोल्या भाड्याच्या, त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. काम असलं की मी निरोप धाडून त्यांनाच बोलवायचो. ते नळाजवळ उकिडवे बसून तोंड धूत होते. आम्हाला बघून तसेच बसून राहिले, तोंडावरून पाणी निथळतंय.

'चला,' मी म्हणलं. 'घर बघायचंय.'

'गेट लावतेत म्हनलो न्हाई का काल?'

'मग गेटाबाहीर उभं राहून बघू.'

ते टॉवेल घेऊन बराच वेळ तोंड पुसत राहिले, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ, आणि आत गेले. त्यांच्या बायकोनं मंडळीला पाट दिला, मला खुर्ची आणली. मी खुर्ची बाजूला सारली, त्यांच्या उंबऱ्यावर बसलो, आणि ते सदरा घालून बाहेर येईपर्यंत उठलो नाही.